मंत्र्यांनी तोंडी सांगितलं, नस्तीवर (फाइलवर) मात्र काहीच नाही. पुढे काय करायचं?

टेबल_नवं

मंत्रालयात आणि क्षेत्रीय कार्यालयांत मुरलेल्या मंडळींना विचारायचं आहे. नियमांची पुस्तकं आहेत समोर, पण पुस्तकात एका ओळीत उरकलेली गोष्ट प्रत्यक्षात कशी करतात ते कुठे सापडत नाही.

१. खाजगी सचिवांचा किंवा विशेष कार्य अधिकाऱ्यांचा फोन येतो: "साहेबांनी सांगितलंय, आज आदेश निघाला पाहिजे." कागद येत नाही. "लेखी द्या" म्हटलं की तो उद्धटपणा ठरतो. मग लेखी आणायचं कसं?

२. खालपासून सचिवांपर्यंत टिपणी (नस्तीवरचं विभागाचं लेखी मत) नकारात्मक गेली आणि मंत्र्यांनी खाली फक्त "मान्य" लिहिलं. मान्य काय? टिपणी, की अर्जदाराची विनंती? उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर तो कोणाच्या गळ्यात?

३. अधिकार कायद्यानेच तहसीलदाराला किंवा उपनिबंधकाला दिलेला असेल, तर तिथे मंत्र्यांची सूचना पाळावी लागते का?

४. नाही म्हटल्यावर मुदतपूर्व बदली झाली तर खरोखर काही करता येतं का?

"हिंमत दाखवा" आणि "जमवून घ्या" हे दोन्ही सल्ले ऐकून झालेत. त्यापलीकडचं सांगा.

जुनी_नस्ती

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो, बाकीचं कायदेवाले सांगतील.

अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ मधला नियम ३(३) आधी वाचा. वरिष्ठांचे निदेश साधारणपणे लेखी असावेत. तोंडी देणं अपरिहार्य झालं तर वरिष्ठांनी लगेच लेखी पुष्टी करायची. आणि ज्याला तोंडी निदेश मिळाले त्यानेही शक्य तितक्या लवकर पुष्टी मागायची, अशी पुष्टी मागितली की ती देणं हे वरिष्ठांचं कर्तव्य. म्हणजे पुष्टी मागणं हा उद्धटपणा नाही, न मागणं हाच नियमाचा भंग आहे. राज्य सेवेतल्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत, त्यातल्या नियम ३ मध्येही आशय हाच. शिवाय ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, आलेल्या सूचना नोंदवून ठेवाव्यात, असं स्पष्ट बजावलं. ८३ निवृत्त अधिकाऱ्यांनी मिळून केलेली ती याचिका होती.

आता फोनचं. खाजगी सचिव किंवा विशेष कार्य अधिकारी तुमचे वरिष्ठ नाहीत. ते निरोप आणतात, आदेश देत नाहीत. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. "होय, आजच नस्ती चालवतो" एवढं म्हणायचं, आणि ते खरंही करायचं. मग ताबडतोब आपल्या अवर सचिवांच्या किंवा उपसचिवांच्या कानावर घालायचं. थेट मंत्र्यांच्या दालनात नस्ती घेऊन धावणं ही नवख्यांची ठरलेली चूक. मधले चार टप्पे तुटतात आणि उद्या सचिव म्हणतात, "मला तर हे माहीतच नव्हतं."

त्याच दिवशी टिपणी टाका. भाषा अशी:

"मा. मंत्री महोदयांच्या कार्यालयाकडून आज दि. … रोजी दुपारी ४.१० वाजता दूरध्वनीद्वारे कळविण्यात आल्यानुसार, प्रस्तुत प्रकरणी मुदतवाढीचे आदेश आजच निर्गमित करावयाचे आहेत. प्रकरणाची वस्तुस्थिती परिच्छेद २ मध्ये, लागू तरतुदी परिच्छेद ३ मध्ये व वित्तीय भार परिच्छेद ४ मध्ये नमूद केला आहे. उपरोक्त निदेशांच्या पुष्टीसाठी व परिच्छेद ५ वरील आदेशार्थ सादर."

यात कुरबूर नाही, विशेषण नाही, "दबाव" हा शब्द तर चुकूनही नाही. तारीख आणि वेळ आहे. बहुतेक वेळा गंमत अशी होते की अशी टिपणी वर चढायला लागली की फोनवरची घाई आपोआप निवते. ज्याला खरोखर ते काम हवं असतं तो सही करतो. ज्याला फक्त तुमची सही हवी होती, तो "बघू" म्हणतो.

पूर, आग, दंगल अशी वेळ असेल तर आधी काम करा, पुष्टी नंतर मागा. पण ती दुसऱ्याच दिवशी. आठवड्याभराने टाकलेली टिपणी पश्चातबुद्धी दिसते.

"मान्य"चं दुखणं मात्र आपणच ओढवून घेतलेलं असतं. टिपणीत दोन्ही बाजू मांडायच्या आणि शेवटी "योग्य त्या आदेशार्थ सादर" लिहून मोकळं व्हायचं, ही जुनी खोड. त्याखाली आलेल्या "मान्य"ला अर्थच राहत नाही. शेवटच्या परिच्छेदात पर्यायांना क्रमांक द्या: पर्याय १ विनंती अमान्य करणे, पर्याय २ अमुक अटींवर मान्य करणे. विभागाची शिफारस कोणत्या पर्यायाची आणि का, हे एका वाक्यात. "पर्याय १ अथवा २ यांपैकी आदेश व्हावेत." मग वरच्याला क्रमांक लिहावाच लागतो. तरीही नुसतं "मान्य" आलं तर अंदाजाने पुढे जाऊ नका. "मा. मंत्री महोदयांची मान्यता पर्याय १ की २ यास आहे, हे स्पष्ट होण्यासाठी फेरसादर" अशी दोन ओळींची टिपणी घाला. दोन दिवस जातील, पण पुढची दोन वर्षं वाचतील.

आणि "चर्चा करावी" या शेऱ्यापासून जपा. चर्चा होते, नस्ती खाली येते आणि कोणीतरी सांगतं, "चर्चेप्रमाणे सुधारित टिपणी टाका, जुनी काढा." कागदी नस्तीत टिपणी विभागाचं पान बदललं जायचं, पण पृष्ठ क्रमांक आणि पताका (पानांना लावलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या) बोलायच्या. ई-ऑफिसमध्ये (संगणकावरच्या नस्तीत) पिवळी टीप, म्हणजे कच्ची टिपणी, तुमच्याकडे असेपर्यंत बदलता येते, एकदा पुढे पाठवली की ती हिरवी होते आणि मग कोणाच्याच बापाला बदलता येत नाही. तेव्हा सुधारणा करायची असेल तर नवी टीप जोडायची आणि चर्चा कोणत्या तारखेला, कोणाकोणात झाली, काय ठरलं ते लिहायचं. नुसतं "चर्चेनुसार" हा सगळ्यात महागात पडणारा शब्द आहे.

लेखापरीक्षणाचं विचारलंत. वर गेलेल्या टिपणीखाली शेरा न लिहिता केलेली सही म्हणजे त्या टिपणीशी सहमती, असंच धरलं जातं. म्हणून मधल्या अधिकाऱ्याला वेगळं म्हणायचं असेल तर त्याने ते लिहायला हवं. मंत्र्यांनी विभागाचं मत डावलून निर्णय घेतला, तो धोरणाचा आहे आणि त्यांच्या अधिकारातला आहे, तर तो अमलात आणणं तुमचं काम. तुमचं मत नस्तीवर आहे, विषय संपला. निर्णय नियमालाच छेद देणारा असेल तर एकदा फेरसादर करायचं, विधी व न्याय विभागाचं किंवा वित्त विभागाचं मत जोडून. एकदाच. तिसऱ्यांदा तीच नस्ती तोच आक्षेप घेऊन चढली की तो अडवणुकीचा पुरावा ठरतो.

कलम_१६६

वरचं व्यवस्थापन झालं, आता कायदा. घोळ होतो तो इथे: नस्तीवरचा शेरा म्हणजे आदेश नव्हे.

संविधानाच्या अनुच्छेद १६६(१) प्रमाणे राज्याची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावी लागते. शासन निर्णयाच्या शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" अशी ओळ असते ती त्याचसाठी. बच्छित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९६२) हे यावरचं पायाभूत प्रकरण. पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाब संस्थानांचा संघ) या राज्याच्या महसूल मंत्र्यांनी एका कर्मचाऱ्याच्या अपिलावर, बडतर्फीऐवजी पदावनती करावी, असा शेरा नस्तीवर लिहिला. तो कर्मचाऱ्याला कळवण्याआधीच १ नोव्हेंबर १९५६ ला पेप्सू पंजाबात विलीन झालं. पुढे पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी बडतर्फीच कायम केली. कर्मचारी म्हणाला, मंत्र्यांचा आदेश झाला होता. न्यायालयाने सांगितलं, आदेश रीतसर निघून संबंधिताला कळवला जाईपर्यंत तो शेरा हंगामी, त्यावर फेरविचार होऊ शकतो.

याचा रोजच्या कामातला अर्थ: आमदारांच्या किंवा अर्जदाराच्या निवेदनावर कोपऱ्यात "तात्काळ कार्यवाही करावी", "मंजूर", "स्थगिती देण्यात येते" असं काहीही लिहून आलं, तरी त्यावरून थेट आदेश काढता येत नाही. तो शेरा म्हणजे प्रस्ताव सादर करण्याची सूचना. नस्ती उघडा, टिपणी टाका, सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्या.

सक्षम कोण, हे कार्यनियमावलीत (शासनाचं कामकाज कोणी कसं चालवायचं ते ठरवणाऱ्या नियमांत) आणि त्या त्या कायद्यात बघायचं. पद मोठं म्हणून अधिकार मोठा, असं नसतं. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या नोकरभरतीला तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी दिलेली स्थगिती रद्द केली. विषय सहकार मंत्र्यांच्या खात्याचा होता, आणि खात्याच्या मंत्र्याच्या निर्णयावर अधिकार गाजवण्याची स्वतंत्र तरतूद मुख्यमंत्र्यांसाठी कार्यनियमावलीत नव्हती.

आता तिसरा प्रश्न. यासाठी पोलीस आयुक्त विरुद्ध गोरधनदास भानजी (१९५१) वाचाच, आपल्याच मुंबईचं आहे. अंधेरीला चित्रपटगृह बांधायची परवानगी आयुक्तांनी १९४७ मध्ये दिली. ओरड झाली. मग आयुक्तांच्या सहीने पत्र गेलं की शासनाच्या निदेशानुसार आपणांस कळविण्यात येते की परवानगी रद्द करण्यात येत आहे. रद्द करण्याचा अधिकार नियमाप्रमाणे आयुक्तांचा होता, शासनाचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, हा निर्णय आयुक्तांचा नाहीच, त्यांनी दुसऱ्याचा निर्णय फक्त कळवला. रद्दीकरण टिकलं नाही. आयुक्तांनी नंतर, तो निर्णय माझाच होता, असं स्पष्टीकरण दिलं, तेही चाललं नाही. आदेशात जे लिहिलंय त्यावरूनच आदेश तपासला जातो. मोहिंदर सिंग गिल (१९७८) प्रकरणात हे आणखी पक्कं झालं: आदेशात नसलेली कारणं शपथपत्रातून मागाहून जोडता येत नाहीत.

त्यामुळे वैधानिक अधिकार तुमचा असेल तर आदेशात "शासनाच्या निदेशानुसार" हे शब्द घालणं म्हणजे स्वतःच्या हाताने आदेशाचं थडगं खणणं. पुष्कळ जण ते ढाल म्हणून घालतात, आणि नेमकं तेच शब्द अर्जदाराचा वकील पहिल्या परिच्छेदात अधोरेखित करतो. अर्धन्यायिक प्रकरणात तर मंत्री स्वतः अपील किंवा पुनरीक्षण ऐकणारे असू शकतात. महसूल संहितेत तसं होतंच. पण मूळ आदेश तहसीलदाराने स्वतःच्या विचाराने द्यायचा, मंत्र्यांची पाळी नंतर. आधीच फोन करून निकाल सांगणारा पुढे अपिलात बसणार असेल तर दोन्ही पायऱ्या नासतात.

दालनातला

मंत्री आस्थापनेवरची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून लिहितो. तोंडी निरोप का जातात याचाही विचार करा.

मंत्र्याकडे साधारण पाच वर्षं असतात, त्यातलं पहिलं खातं समजण्यात जातं. लोक निवडून देतात त्याला, सभागृहात तारांकित प्रश्नाला उत्तर देतो तो, लक्षवेधीवर खडसावला जातो तो. उत्तराचा मसुदा विभागाचा असतो. उपप्रश्न आला की अधिकारी दीर्घेतून चिठ्ठ्या येतात, आणि चिठ्ठीतला आकडा चुकला तर सभागृहात तोंडघशी मंत्री पडतो.

आता नस्तीचा प्रवास बघा. निवेदन आलं. पहिल्या फेरीत "सविस्तर अहवाल मागवावा". अहवाल आला. दुसऱ्या फेरीत "नकाशा जोडलेला नाही". नकाशा आला. तिसऱ्या फेरीत "अंदाजपत्रक जुन्या दरसूचीवर आधारित आहे". तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत होत्या. एकदम काढल्या असत्या तर सहा महिने वाचले असते. राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा जो २००५ चा अधिनियम आहे त्याच्या नावातच विलंबास प्रतिबंध आहे, पण त्यातलं कलम १० कोणी उघडत नाही: साधारणपणे कोणतीही नस्ती एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, दुसऱ्या विभागाकडे जायची नसलेली ४५ दिवसांत आणि जायची असलेली तीन महिन्यांत निकाली निघावी.

दुसरी सवय, "मार्गदर्शन मागवणे". अधिकार जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याचाच, नियम स्वच्छ, पण निर्णय अप्रिय. मग शासनाला पत्र. शासन उत्तर देतं, "नियमानुसार कार्यवाही करावी." दोन महिने गेले आणि हाती तेच. वर ज्या नियम ३(३) चा दाखला दिलाय त्याच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की गरज नसताना वरिष्ठांची मान्यता मागून जबाबदारी टाळण्यासाठी हा नियम वापरता येणार नाही. तेही वाचा.

आणि "नाही" म्हणताना "मग काय करता येईल" हे लिहा. एखाद्या गावाला योजनेच्या निकषात बसत नाही म्हणून पाणी नाकारलं, तर दुसऱ्या कोणत्या लेखाशीर्षातून होईल ते टिपणीत हवं. मंत्र्याला गावाला काहीतरी सांगायचं असतं. पर्याय नसलेली टिपणी आली की मग फोन सुरू होतात.

जुनी_नस्ती

त्रुटींचं पटलं. एकेक त्रुटी काढणं हा आळस तरी असतो किंवा लबाडी तरी. पण फोन त्या नस्तीपुरतेच येतात असं म्हणणं जरा भाबडं आहे. निविदा उघडल्यानंतर अट शिथिल करायला सांगणारा फोन पाण्यासाठी नसतो.

एक राहिलं होतं, पैशाचं. वित्तीय भार असलेला कोणताही आदेश वित्त विभागाशी विचारविनिमय केल्याशिवाय काढता येत नाही, कार्यनियमावलीतच आहे. शासन निर्णयाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदाकडे बघा: "सदर शासन निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्र. … अन्वये प्राप्त सहमतीने". ही ओळ नसली आणि पैसा गुंतला असला तर मंत्र्यांच्या "मान्य"चा उपयोग शून्य. कोषागार देयक परत करतं, किंवा मार्चच्या गर्दीत चुकून पारित झालं तर महालेखापालांच्या अहवालात आक्षेपाचा परिच्छेद येतो. त्यावर लोकलेखा समितीपुढे साक्षीला सचिव बसतात, मंत्री नाही. सचिवांनी ३१ मार्चच्या आठवड्यात सही करताना एवढं आठवलं तरी पुष्कळ.

मॅटचा_मामला

प्रश्न ४. कायदा नुसता कागदावर नाही, पण तो वापरायची वेळ फार थोडी असते.

२००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाची अंमलबजावणी १ जुलै २००६ पासून. पदावधी साधारण तीन वर्षं. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे मध्ये. कलम ४(४) च्या परंतुकाप्रमाणे (अपवाद सांगणाऱ्या भागाप्रमाणे) इतर महिन्यांत करायची तर विशेष कारणं लेखी नोंदवून आणि लगतच्या वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन. पदावधी पूर्ण होण्याआधी करायची तर कलम ४(५), तिथेही लेखी कारणं आणि पूर्वमान्यता. बदलीचा अधिकार खात्याच्या मंत्र्यांचा असेल तर मुदतपूर्व बदलीला मान्यता मुख्यमंत्र्यांची लागते. दोन्ही गोष्टी नस्तीवर हव्यात, आणि आधी. आदेश निघाल्यावर घेतलेली मान्यता पूर्वमान्यता होत नाही.

करायचं काय? आदेश हातात पडला त्याच दिवशी बदलीच्या नस्तीच्या टिपणीची, नागरी सेवा मंडळाच्या (बदल्यांची शिफारस करणाऱ्या समितीच्या) इतिवृत्ताची आणि पूर्वमान्यतेची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. पण ३० दिवस वाट बघत बसू नका. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) मूळ अर्ज टाका (भारतीय प्रशासन सेवा वा पोलीस सेवेतले असाल तर कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण). न्यायाधिकरण मूळ नस्ती मागवतं. मुदत वर्षाची असली तरी बदलीत खरी मुदत दोन-तीन दिवसांची: पदभार सोपवून नवा माणूस रुजू झाला की अंतरिम स्थगिती मिळणं अवघड. तुमच्या जागी आलेल्याला प्रतिवादी करायला विसरू नका, नाहीतर तिथेच अर्ज अडखळतो.

टिकतं काय आणि पडतं काय? "प्रशासकीय कारणास्तव" एवढाच शब्द नस्तीवर असेल तर कलम ४(५) चं कारण दिसत नाही, इथे अर्जदाराची बाजू भक्कम. "तक्रारी आहेत" असं लिहिलं असेल तर त्या कोणत्या, शहानिशा झाली का, हा पुढचा प्रश्न. पण नस्तीत आमदाराचं पत्र सापडलं म्हणजे जिंकलो, असं मानू नका. मोहम्मद मसूद अहमद (२००७) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की लोकप्रतिनिधीच्या शिफारशीमुळे बदली आपोआप बेकायदा ठरत नाही, लोकांच्या तक्रारी मांडणं हे त्यांचं कामच आहे. प्राधिकाऱ्याने स्वतः विचार केला का, एवढंच बघितलं जातं.

आणि हो, वर्तणूक नियमांत सेवाविषयक बाबींसाठी राजकीय वजन आणणं गैरवर्तन आहे. ज्या पदावर तुम्ही शिफारसपत्र लावून आलात तिथून दुसऱ्याच्या शिफारसपत्राने उठलात, तर न्यायाधिकरणात सांगायला फार काही उरत नाही. सरकारी वकील तुमचं जुनं पत्र काढतोच.

उपसूचना_मंजूर

मंत्रालयाबाहेरचंही सांगतो, कारण महापालिकेत हेच नातं जास्त उघडं दिसतं. तिथे आयुक्त शासनाचा आणि सभागृह निवडून आलेलं, दोघांचे अधिकार १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात वेगळे केलेले. मुंबईला १८८८ चा अधिनियम.

तोंडी आदेशाची जागा इथे घेतात "ऐनवेळचे विषय" आणि "उपसूचना", म्हणजे मूळ प्रस्तावात सभेतच सुचवलेला बदल. विषयपत्रिकेवर रस्त्याच्या नामकरणाचा साधा प्रस्ताव असतो. सभेत उपसूचना येते: त्यालगतचा आरक्षित भूखंड अमुक संस्थेला भाड्याने द्यावा. "उपसूचनेसह मंजूर." प्रशासनाची टिपणीच नाही. इतिवृत्त कायम होऊन यायला महिना-दोन महिने, तोवर संस्था ठरावाची प्रत घेऊन दारात.

आयुक्तांकडे उपाय दोन. उपसूचना मूळ विषयाशी विसंगत आहे हे सभेतच नोंदवून घेणं. नगरसचिवांकडे त्याच दिवशी लेखी द्या, इतिवृत्तात यायला मदत होते. आणि ठराव कायद्याविरुद्ध किंवा महापालिकेच्या हिताविरुद्ध असेल तर कलम ४५१ खाली शासनाकडे पाठवणं. शासन तो निलंबित करतं, म्हणणं ऐकून विखंडित, म्हणजे रद्द, करतं. प्रस्ताव पाठवताना ठरावाची प्रमाणित प्रत, मूळ गोषवारा, भंग झालेलं कलम आणि आर्थिक नुकसानीचा हिशेब, चारही जोडा. "जनहितार्थ विखंडित व्हावा" एवढ्यावर पाठवलेले प्रस्ताव नगरविकास विभागात पडून राहतात. नगरपरिषदेत १९६५ च्या अधिनियमाचं कलम ३०८ आहे, तिथे जिल्हाधिकारी.

सभागृहाच्या हातीही शस्त्र आहे. एकूण सदस्यसंख्येच्या किमान पाच-अष्टमांश मतांनी आयुक्तांना परत पाठवण्याचा ठराव करता येतो. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासाठी दोन-तृतीयांश. मंत्र्याला सचिव नको असेल तर मुख्यमंत्र्यांकडे जावं लागतं. नगरसेवकांना मतं मोजावी लागतात.

कलम_१६६

"लेखापरीक्षणात कोणाच्या गळ्यात" यावर एक जुनं प्रकरण आठवलं. मुंदडा प्रकरण, १९५७. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे समभाग घेतले. अर्थ सचिव एच. एम. पटेल म्हणाले, मंत्र्यांची संमती होती. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणाले, नव्हती. सगळं तोंडी, नस्तीवर आधी काही नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि निष्कर्ष काढला की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये मंत्र्यांनी राजीनामा दिला. पण सचिवांचीही पुढे चौकशी झालीच. दोन ओळींचा कागद असता तर निदान एक जण वाचला असता.

ब्रिटनमध्ये या जागी सरळ यंत्रणा आहे: खर्च नियमात किंवा पैशाच्या मोबदल्यात बसत नाही असं विभागप्रमुखाला वाटलं तर तो मंत्र्याकडे लेखी निदेश मागतो, तो मिळाला की अंमल करतो आणि कागद लेखापरीक्षकाकडे जातो. १९९१ मध्ये मलेशियातल्या पेर्गाउ धरणाच्या २३४ दशलक्ष पौंडांच्या मदतीवर सचिव टिम लँकेस्टर यांनी तो मागितला होता. १९९४ मध्ये न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. आपल्याकडे नियम ३(३) कडून तेच काम करून घ्यावं लागतं.

टेबल_नवं

खूप स्पष्ट झालं, आभार. एकच उरलं. फोन करणारे म्हणतात, "टिपणीत माझं नाव घालू नका." मग?

जुनी_नस्ती

नाव नकोच. "मा. मंत्री कार्यालयाकडून प्राप्त दूरध्वनीनुसार", तारीख आणि वेळ, एवढं पुरतं. "कार्यालयाचाही उल्लेख नको" म्हणाले तर निरोप आलाच नाही असं धरा आणि नस्ती तिच्या नेहमीच्या क्रमाने चालवा. फक्त त्या दिवशी ती सात दिवसांच्या आत आहे ना, ते तपासून घ्या.